माया लोकांच्या गावात: जुन्या दगडांना विचारायचे तीन प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले, तिथं हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की एकच फर्माईश व्हायची, "ताई, तुमच्या मेक्सिकोच्या सहलीचं सांगा की." प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. आज रेडिओवर सगळ्यांना एकदमच नीट सांगते. तिकडची गंमत तर सांगणारच, पण तिथून आपल्याला घेण्यासारखं काय आहे, तेही सांगणार आहे.

आधी खर्चाचं सांगून टाकते, म्हणजे गटात चर्चा नको. माझी धाकटी नणंद आणि तिचे यजमान बरीच वर्षं अमेरिकेत ह्यूस्टनला नोकरीला आहेत. सासूबाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून तिनं आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि तिकिटंही तिनंच काढली. डिसेंबरात मुलांना सुट्टी लागली तेव्हा तिथून सगळे मिळून मेक्सिकोला गेलो. विमानानं दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, म्हणून हे जमलं. आम्ही नऊजण होतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, नणंद, तिचे यजमान आणि भाची. सगळ्यात धाकटा सात वर्षांचा आणि सगळ्यात थोरले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हणजे एकाला सारखी भूक लागणार आणि दुसऱ्याला सारखं टेकावं लागणार!

आता जागा कुठे आहे ते समजून घ्या. नकाशात अमेरिका देशाच्या खाली मेक्सिको. त्याचा उजवीकडचा एक तुकडा अंगठ्यासारखा वर समुद्रात आलेला दिसतो. तो युकातान. तिथं, आणि त्याच्या खालच्या ग्वाटेमाला, बेलीझ या देशांत फार पूर्वीपासून माया नावाचे लोक राहतात. त्यांनी जंगलात दगडी शहरं उभारली. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध चिचेन इत्सा. आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात कोरलं गेलं. त्याच्या नंतरच्या दोन-तीनशे वर्षांत चिचेन इत्सा अगदी भरात होतं, असा काळ धरा. २००७ साली जगातली नवी सात आश्चर्यं निवडली, त्यात आपल्या ताजमहालाबरोबर याचंही नाव आलं.

तिथं मधोमध एक पायऱ्यांचं उंच देऊळ आहे, कुकुल्कान देवाचं. कुकुल्कान म्हणजे पिसांचा साप. उंची साधारण ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी. चारही बाजूंना ९१ पायऱ्या. चार बाजूंच्या मिळून ३६४ आणि माथ्यावरची एक, अशा ३६५. वर्षाचे दिवस! दगडातच कॅलेंडर बांधून ठेवलंय म्हणा ना. मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हा दुपारी उन्हाची सावली पायऱ्यांच्या कठड्यावर अशी पडते की वरून साप सरपटत खाली उतरतोय असं दिसतं. आम्ही डिसेंबरात गेलो, त्यामुळे ते वाटाड्यानं फोटोत दाखवलं. पण पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की पाखराच्या ओरडण्यासारखा आवाज परत येतो, ते मात्र आमच्या धाकट्यानं शंभर वेळा करून घेतलं. वर चढायला आता बंदी आहे. सासरे म्हणाले, "बरं झालं, सगळ्यांना सारखाच न्याय."

हे सगळं बांधताना माया लोकांकडे लोखंडी हत्यारं नव्हती, बैलगाडी नव्हती, ओझं ओढणारं जनावर नव्हतं. दगडानं दगड घडवला आणि माणसांनी तो वाहिला. हिशेबात मात्र ते पक्के होते. आपण दहा-दहाच्या पटीत मोजतो, ते विसाच्या पटीत मोजायचे. एक म्हणजे टिंब, पाच म्हणजे आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपल्यासारखं चिन्ह. शून्य त्यांनी स्वतःच शोधलं होतं. त्यांच्या वर्षात वीस-वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच दिवस.

सगळेजण फोटो काढत होते. सासूबाई झाडाच्या सावलीला बसून देवळाकडे बघत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "एवढी माणसं इथं राबली, त्यांना पाणी कुठनं आणलं?"

सासूबाईंनी उमेदीच्या काळात दीड मैलावरच्या विहिरीवरून हंडे वाहिलेत. त्यामुळे त्यांना पहिला प्रश्न हाच पडला. मग पुढचे चार दिवस आम्ही दर ठिकाणी तीन प्रश्न विचारत गेलो. पाणी कुठून आणलं? काय खाल्लं? आणि ही माणसं गेली कुठे? या तीन प्रश्नांनी जेवढं कळलं, तेवढं राजांच्या नावांनी कळलं नसतं.

पहिला प्रश्न: पाणी कुठून आणलं?

युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नदीच वाहत नाही. सगळी जमीन चुनखडीची, म्हणजे चाळणीसारखी. पाऊस पडला की पाणी झिरपून खाली जातं आणि जमिनीखालून वाहतं. जिथं वरचं छत कोसळतं तिथं मोठी खोल विहीर आपोआप तयार होते. तिला सेनोते म्हणतात. चिचेन इत्सा या नावाचा अर्थच मुळी 'इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडापाशी' असा आहे. म्हणजे गाव पाण्यामुळे वसलं, देऊळ नंतर आलं. तिथं दोन मोठे सेनोते आहेत. एक रोजच्या पाण्याचा, दुसरा देवाचा. देवाच्या सेनोतेचं तोंड सुमारे ६० मीटर रुंद आहे. त्याच्या तळातून सोनं, हिरवे मौल्यवान दगड आणि माणसांची हाडंही निघाली. पाऊस यावा, देव कोपू नये म्हणून तिथं माणसांचाही बळी देत. ते ऐकून आमची मुलं गप्पच झाली.

गावाकडच्या एका सेनोतेत आम्ही उतरलो. पाणी निळंशार आणि थंड. पण आत जाण्याआधी तिथल्या बाईंनी सगळ्यांना आधी अंघोळ करून यायला लावलं. अंगाला लावलेली क्रीम, तेल धुऊनच पाण्यात उतरायचं. सासूबाई हसल्या, "अंघोळीआधी अंघोळ!" कारण विचारलं तर कळलं, की तिथली जमीन काही गाळून घेत नाही. वर जी घाण टाकाल ती सरळ खालच्या पाण्यात जाते आणि तेच पाणी पुढच्या गावाला लागतं.

दुसऱ्या दिवशी उश्मालला गेलो. मेरिदा शहराच्या दक्षिणेला, सुमारे ८० किलोमीटरवर. तिथं सेनोतेसुद्धा नाहीत, पाणी फार खोल. मग हजारो माणसं जगली कशी? तर पावसाचं पाणी साठवून. अंगणाखाली सुरईच्या आकाराची टाकी खोदायची, आतून चुन्याचा गिलावा करायचा, तोंड अरुंद ठेवायचं आणि भोवतीच्या फरशीला टाकीकडे उतार द्यायचा. तिला चुलतून म्हणतात. हे बघून सासरे खूश झाले. आपल्या गडांवरची पाण्याची टाकी त्यांना आठवली. देवळांच्या भिंतींवर जिकडेतिकडे लांब वळलेल्या नाकाचा एकच चेहरा कोरलाय. तो चाक, त्यांचा पाऊसदेव. ज्या गावाला पाऊस चुकला की दुसरा आधार नाही, त्या गावानं पावसाचं तोंड भिंतभर कोरलं, यात नवल काय?

काय खाल्लं?

तिकडे जेवणाची आम्हाला चिंता होती, कारण सासू-सासरे माळकरी. पण पहिल्याच ताटात मक्याची छोटी भाकरी, घेवड्याची उसळ आणि टोमॅटो-मिरचीचा ठेचा आला. सासरे म्हणाले, "हे तर आपलंच जेवण." भाकरीला ते तोर्तिया म्हणतात.

वायादोलिद गावाजवळ एका माया बाईंच्या घरी आम्हाला स्वयंपाक बघायला मिळाला. चूल म्हणजे तीन दगड. त्या तीन दगडांच्या चुलीला आणि स्वयंपाकघराला त्यांच्या भाषेत एकच शब्द, कोबेन. तिकडे मूल पहिल्यांदा कडेवर घ्यायचा एक विधी असतो, हेत्समेक. मुलगी असेल तर तिसऱ्या महिन्यात करतात, कारण चुलीचे दगड तीन. मुलगा असेल तर चौथ्या, कारण शेताचे कोपरे चार. चूल आणि शेत कुणाच्या वाट्याला येणार, हे तिकडेही कडेवरच ठरतं!

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. मका ते तसाच दळत नाहीत. आदल्या रात्री तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी चोळून धुतला की साल सुटते. मग तो पाट्यावर वाटायचा किंवा बादलीत घालून गिरणीत न्यायचा. या मक्याला निश्तमाल म्हणतात. चुन्यामुळे मक्यात अडकून बसलेलं एक जीवनसत्त्व मोकळं होतं आणि अंगाला लागतं. शिवाय कॅल्शियम मिळतं आणि पिठाला चिकटपणा येतो. मका जेव्हा युरोपात आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात गरिबांचं मुख्य अन्न झाला, तेव्हा लोकांनी दाणे नेले, पण ही रीत नेली नाही. तिथं नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे, डोकं भ्रमायचं, माणसं मरायची. माया बायकांच्या चुलीवर मात्र त्याचा उपाय शेकडो वर्षं रोज रात्री शिजत होता. त्यांनी तो कुठे लिहिला नाही. आईनं लेकीला दाखवला, एवढंच. (हे ऐकून कुणी रंगाचा चुना मक्यात घालू नका हं. तो खाण्याचा वेगळा असतो, आणि प्रमाण माहीत असल्याशिवाय तोही वापरायचा नाही.)

मक्याबद्दल त्यांची श्रद्धाही तशीच आहे. ग्वाटेमालातल्या माया लोकांच्या 'पोपोल वुह' या ग्रंथात माणूस कसा झाला ते सांगितलंय. देवांनी आधी मातीचा माणूस केला, तो विरघळला. लाकडाचा केला, त्याला मन नव्हतं. शेवटी एका आजीनं पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा दळला, त्या पिठाचा माणूस झाला.

शेतातही मका एकटा नसतो. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीला खत देतो. भोपळ्याची पानं जमीन झाकतात, ओल टिकते, तण कमी उगवतं. या शेतीला मिल्पा म्हणतात. आपण ज्वारीत तूर किंवा बाजरीत मटकी टाकतो, त्याच जातीचं हे शहाणपण.

आणखी एक गंमत. आपला चिकू मूळचा तिकडचा. युकातानच्या जंगलात त्याची जुनी झाडं आहेत. त्याचं लाकूड इतकं चिवट की माया लोकांनी देवळांच्या दारांवर त्याचे आडसर बसवले, त्यातले काही आजही आहेत. झाडाचा चीक ते चघळायचे. पुढे च्युइंगगम त्याच चिकापासून बनायला लागलं. मका, मिरची, पेरू, पपई हीसुद्धा मूळची अमेरिका खंडातली. मिरची तर पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्याच्या वाटेनं आपल्याकडे आली. आपल्या ठेच्याची पाळंमुळं कुठवर गेलीत बघा!

ही माणसं गेली कुठे?

पुस्तकात, टीव्हीवर नेहमी म्हणतात की माया लोक अचानक नाहीसे झाले. आमचा वाटाडा स्वतः माया होता. तो हसून म्हणाला, "आम्ही कुठेच गेलो नाही. शहरं सोडली, खेड्यात गेलो."

नवव्या शतकात दक्षिणेकडची मोठी शहरं एकामागून एक ओस पडली, हे खरं. तळ्यांच्या तळाचा गाळ आणि गुहांमधले चुन्याचे थर तपासून अभ्यासकांनी दाखवलंय, की त्या काळात दुष्काळ पुन्हा पुन्हा पडले. त्यात राजांच्या आपापसातल्या लढाया, वाढलेली वस्ती, तोडलेलं जंगल. पाऊस आणतो म्हणून सांगणाऱ्या राजावरचा लोकांचा विश्वास उडाला. दुष्काळी भागातल्या आपल्या बायकांना हे जास्त समजावून सांगायला नको. चारा संपला, पाणी संपलं की घराला कुलूप लावून माणूस निघतो. पण माणूस संपत नाही. उत्तरेकडे चिचेन इत्सासारखी शहरं त्यानंतरही भरभराटीला आली.

पुढे स्पॅनिश लोक आले. १५६२ साली मानी या गावात एका ख्रिस्ती धर्मगुरूनं, दिएगो दे लांदा त्याचं नाव, माया लोकांची पुस्तकं जाळली. जुन्या पोथ्यांपैकी आज जगात फक्त चार उरल्यात. दगडावरची अक्षरं होती, पण वाचता येईना. ती वाचण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. तातियाना प्रोस्कूरियाकोफ. रशियात जन्मलेली, अमेरिकेत शिकलेली. पडक्या देवळांची चित्रं काढायला म्हणून ती या कामात आली. १९६० साली तिनं दाखवलं, की दगडावरच्या तारखा म्हणजे नुसते ताऱ्यांचे हिशेब नव्हेत. त्या माणसांचे जन्म, राज्यावर बसणं आणि मृत्यू यांच्या तारखा आहेत. पायघोळ कपड्यातल्या ज्या आकृत्यांना सगळे पुजारी समजत होते, त्या बायका आहेत, हेही तिनंच दाखवलं. त्यानंतर माया राण्यांची नावं वाचता यायला लागली. बघणारीच्या नजरेला बाई दिसली, तेव्हा इतिहासात बाई आली.

आज माया भाषा बोलणारे लोक लाखांच्या संख्येनं आहेत आणि त्यांच्या सुमारे तीस भाषा आहेत. युकातानच्या भाषेत 'कशी आहेस' विचारायचं तर 'बिश अ बेल' म्हणतात. शब्दशः अर्थ, 'तुझी वाट कशी चाललीय?' पण वाटाड्यानं सांगितलं, त्याच्या आईला लहानपणी शाळेत मायातून बोललं की शिक्षा व्हायची. म्हणून तिनं मुलांशी घरात ती भाषा बोलायची बंद केली. तो आजीकडून शिकला.

देवळाबाहेर बायका भरतकाम विकत होत्या. पांढऱ्या कापडावर रंगीत फुलांचा त्यांचा झगा असतो, त्याला विपिल म्हणतात. तशाच भरतकामाचे रुमालही होते. भाचीनं एका रुमालाची किंमत निम्म्यावर आणायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं आणि विचारायला लावलं, की हा करायला किती वेळ लागला. बाई म्हणाल्या, दोन दिवस. मग आम्ही तिथंच हिशेब केला. कापड, दोरा, दोन दिवसांची मजुरी. निम्म्या किमतीत बाईची मजुरी शून्य निघाली. भाचीनं सांगितलेली किंमत दिली. आपल्या गटाच्या गोधड्या आणि पापड प्रदर्शनात मांडले की समोरचा काय करतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

परत येण्याआधी वाटाड्यानं लेदी पेच यांची गोष्ट सांगितली, ती तर प्रत्येक गटात सांगावी अशी आहे. शेजारच्या काम्पेचे राज्यातल्या या माया बाई मधमाश्या पाळतात. त्यांच्याकडच्या माशीला नांगी नसते. माया भाषेत तिचं नाव शूनान काब, म्हणजे 'बाईसाहेब माशी'. पोकळ ओंडक्यात ती पाळतात, आणि तिचा मध औषधी मानतात. लेदी पेच यांचा कोलेल काब नावाचा बायकांचा गट आहे. २०१२ मध्ये मेक्सिको सरकारनं मोन्सँटो कंपनीला तिथल्या भागात जनुक बदललेलं सोयाबीन लावायला परवानगी दिली. जंगल तुटायला लागलं, तणनाशकाची फवारणी वाढली, मधात त्या सोयाबीनचे परागकण सापडायला लागले. युरोपातलं गिऱ्हाईक जाण्याची भीती निर्माण झाली. या बायकांनी इतर मधपाळांना, अभ्यासकांना जोडून घेतलं, गावोगाव सभा घेतल्या, कोर्टात गेल्या. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की माया गावांना विचारल्याशिवाय हे करता येणार नाही. २०१७ साली सात राज्यांतली परवानगी रद्द झाली. २०२० मध्ये लेदी पेच यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. सुरुवात कुठून झाली? मध विकणाऱ्या बायकांच्या एका गटातून.

तर मैत्रिणींनो, माया लोकांच्या बाबतीत माझ्या मनात राहिलं ते हे. राजांची शहरं पडली, पोथ्या जळाल्या, पण चुन्यात मका भिजवायची रीत राहिली, मिल्पा राहिली, माशी पाळायची कला राहिली. कारण ती साध्या माणसांच्या हातात होती आणि एकानं दुसऱ्याला दिली. पण त्याला धोकाही तोच आहे. मधल्या एका पिढीनं देणं थांबवलं, तर ते संपतं. वाटाड्याच्या घरात भाषा आजीमुळे वाचली, पण प्रत्येक घरात तशी आजी असेलच असं नाही.

म्हणून दोन कामं सांगते. तुमचा गट सहलीला जाईल, मग तो गड असो, लेणी असोत की जुना वाडा, तिथं हे तीन प्रश्न नक्की विचारा. पाणी कुठून आणलं, काय खाल्लं, आणि त्या माणसांची लेकरं आज कुठे आहेत. आणि पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्क बाईंना पंधरा मिनिटं द्या. नळ येण्याआधी गावानं पाणी कसं राखलं? आता पेरत नाही असं कोणतं धान्य त्या खायच्या, आणि ते कसं रांधायच्या? बाळंतिणीला काय द्यायच्या? मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा, वहीत त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा आणि आमच्या केंद्राकडे पाठवा. आपण ते याच कार्यक्रमात ऐकवू. आमच्या घरी सासूबाईंपासून सुरुवात केली आहे, विहिरीच्या पाळीपासून ते हुलग्याच्या माडग्यापर्यंत चार पानं झालीत. तुमच्या गावची पानं कधी येतात, त्याची वाट बघते.